पन्नास किलोचं पोतं आणि इंडिकेटरचा निवाडा

साखर कारखान्याच्या बॅगिंग विभागात इतका गलका असतो, की लाल आकडे दाखवणाऱ्या छोट्या डब्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. हा वेइंग इंडिकेटर. वजन दाखवणं हे त्याचं निम्मं काम. साखर तोलणारा हॉपर रिकामा झाला का, आकडा स्थिरावला का, गेट आता बंद करायचं का, हेही तोच ठरवतो, आणि तेही कुणीतरी बटणं दाबून भरलेल्या सेटिंगवरून. वजन जोखणारा लोडसेल कितीही भारी घ्या, पोत्याचं वजन शेवटी या सेटिंगवर येऊन अडतं.

लोडसेलमधला चिकटवायचा स्ट्रेन गेज १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांच्या नकळत तयार केला. त्याचा इशारा फार क्षीण असतो. शंभर किलोच्या साध्या लोडसेलला १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला जेमतेम २० मिलिव्होल्ट मिळतात; म्हणजे २० ग्रॅम साखरेचे ४ मायक्रोव्होल्ट! त्यात शेजारच्या मोटरची थरथर. म्हणून डिजिटल फिल्टर लावतात. तो जास्त चढवला की आकडा शांत दिसतो खरा, पण मागे पडतो; गेट उशिरा मिटतं आणि पोतं जड भरतं.

आकडा ठरावीक वेळ एक-दोन भागांच्या (काट्याच्या सर्वात लहान पायऱ्यांच्या) आत राहिला, की इंडिकेटर ‘स्थिर’ म्हणतो. मर्यादा फार कडक ठेवली तर हलत्या हॉपरवर ‘स्थिर’चा दिवा लागतच नाही आणि लाइन खोळंबते. त्याहून फसवं म्हणजे झिरो ट्रॅकिंग. हॉपरला चिकटलेली साखरेची भुकटी ते हळूच शून्यात जिरवतं. व्यापारी काट्यांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत त्याला सेकंदाला अर्ध्या भागाची मर्यादा आहे. त्याहून सावकाश, चिमटी-चिमटीने साखर टाकत राहिलात तर काटा आपला शून्यच दाखवतो. भरण चालू असताना झिरो ट्रॅकिंग बंदच हवं.

मग येतात गेट चालवणारे आउटपुट. समजा, ४५ किलोला मोठी धार थांबते आणि ४९.८५ ला बारीक. उरलेले दीडशे ग्रॅम त्या क्षणी हवेत असतात, गेट मिटल्यावर पडतात. हा हवेतला माल कायम सारखा नसतो: साखरेच्या एस-३० प्रतीचा बारीक दाणा आणि एम-३० प्रतीचा त्याहून मोठा दाणा वेगळे वागतात, ओलसर साखर तिसरंच काही करते. चांगले इंडिकेटर मागच्या पोत्यांची चूक पाहून बारीक धार तोडायचा आकडा आपोआप सरकवतात. मोठं गेट आपटलं की हॉपरला हिसका बसतो, आकडा क्षणभर उसळतो, आणि बारीक धार वेळेआधीच तुटते. म्हणून तेवढा अर्धा-पाऊण सेकंद वजनाची ठरवलेल्या आकड्याशी तुलना थांबवायची सोय असते. नवखे ती शून्यावर ठेवतात आणि मग लोडसेलला दोष देत बसतात.

गेट चालवणाऱ्या आउटपुट रिलेची जोडणी मात्र विचारपूर्वक हवी: वीज गेली तर गेट मिटलं पाहिजे.

उसाच्या काट्यावरून दर हंगामात ओरड होते, आणि ती रास्तच आहे. बॅगिंगच्या या डब्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. पोत्यामागे ५० ग्रॅम जादा गेले, तर दहा हजार पोत्यांमागे ५०० किलो, म्हणजे दहा पोती साखर बिलाविना गेटाबाहेर जाते.