पुन्हा पुन्हा जागा होणारा संच

एखादे यंत्र पार बंद पडले, तर त्यातील दोष शोधणे त्या मानाने सोपे असते. परंतु जे यंत्र चालते, थांबते आणि पुन्हा आपले आपण चालू लागते, ते चांगल्या कारागिरालाही बुचकळ्यात टाकते. आमच्या घरच्या दूरचित्रवाणी संचाला अशीच खोड लागली होती.

थंडीचे दिवस होते. सकाळी आजोबा बातम्यांसाठी संच लावीत. पडद्यावर कंपनीचे नाव झळके, थोड्या वेळाने पडदा काळा होई, आणि कोणी बटणाला हात लावला नसताही ते नाव पुन्हा झळके. असे आठ-दहा वेळा झाले की संच एकदाचा स्थिर होई आणि मग रात्रीपर्यंत मुकाट्याने चाले. पुढे पुढे आठाचे वीस झाले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आजोबांचे बाहेर जाणे बंद झाले होते. त्या बातम्यांवाचून त्यांना करमत नसे. एका दुकानदाराने तर संच न उघडताच निकाल दिला, "मुख्य बोर्ड गेला. त्यापेक्षा नवाच संच घ्या." तेवढे पैसे त्या वर्षी घरात नव्हते. म्हणून बाबांनी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या एका कारागिरांना बोलावून आणले.

त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. ते आजोबांजवळ बसले.

"काका, हे सकाळीच होते, की केव्हाही?"

"सकाळीच. दुपारी बंद करून लगेच लावला, तर काही होत नाही."

"आणि ते नाव दर वेळी सारखाच वेळ टिकते?"

"छे! कधी लगेच जाते, कधी बराच वेळ राहते."

हे प्रश्न मला तेव्हा उगाचच वाटले; पण निम्मे निदान त्यांतच झाले होते. संच दर वेळी नेमक्या एकाच टप्प्यावर थांबला असता, तर त्यात साठविलेल्या आज्ञावलीचा संशय आला असता. इथे तसे नव्हते. थंडी आणि ऊब यांचा काही संबंध दिसत होता.

तरीही त्यांनी प्रथम बाहेरच्याच गोष्टी तपासल्या. प्लग ढिला आहे का, हे पाहून संच दुसऱ्या सॉकेटवर लावला. रिमोटमधील सेल काढून ठेवले. कारण त्याचे बटण दबून राहिले, तरी संच असाच वेड्यासारखा वागू शकतो. संचाच्या कडेचे बटण दाबून सोडून पाहिले. मग सेट-टॉप बॉक्सची आणि इतर सर्व तारा काढल्या. दर वेळी ते एकच गोष्ट बदलीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संच सुधारला, तर त्यांपैकी कोणत्या गोष्टीने, हे कसे कळणार? खोड मात्र तशीच राहिली. म्हणजे दोष आतच होता.

आता आत नेमके काय घडत होते, ते पाहू. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाच्या संचांत संगणक नव्हता. आजच्या संचात तो असतो. त्याला ठरावीक दाबाचीच वीज लागते. दाब उतरला, तर तो भलतेच काही करू लागेल. म्हणून त्याच्यावर एक पहारेकरी परिपथ बसविलेला असतो. दाब घसरला की हा पहारेकरी संगणकाला थांबवितो आणि दाब सावरला की त्याला पहिल्यापासून काम सुरू करावयास लावतो. तेव्हा आमचा संच जी खोड करीत होता, ती खरे म्हणजे त्याची सावधगिरी होती!

पण दाब घसरतच का होता? आपल्या घरात २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज येते. संचातील पॉवर सप्लाय तिच्यापासून १२ व्होल्ट, ५ व्होल्ट अशी कमी दाबाची दिष्ट वीज तयार करतो. ही वीज त्यातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडते. तिची सलग धार करण्याचे काम कंडेन्सर करतात. नळाला पाणी थांबत थांबत येत असले, तरी खाली रांजण भरलेला असेल, तर त्याच्या तोटीची धार तुटत नाही, तसेच हे. या कंडेन्सरच्या डबीत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि विद्रावाने भिजविलेला कागद यांची गुंडाळी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो विद्राव सुकत जातो. रांजण लहान झाला आणि तोटीही गाळाने बुजली, असे समजा.

संच झोपलेला असतो तेव्हा फक्त तांबडा दिवा जळतो. तेवढ्याला वीज पुरते. तो जागा झाला, की पडद्यामागचे दिवे, ध्वनी आणि संगणक सारेच एकदम वीज मागतात. दाब कोसळतो, पहारेकरी संगणकाला थांबवितो. मागणी थांबताच दाब पूर्ववत होतो, आणि पहारेकरी पुन्हा आरंभ करतो. हे चक्र चालूच राहते. थंडीत त्या विद्रावाचा विरोध वाढतो. थोडी ऊब मिळाली की कमी होतो. म्हणून सकाळचा हट्ट दुपारी नाहीसा होई.

संच दुकानात नेला. झाकण काढण्यापूर्वी कारागिरांनी मला चार हात दूर, हात पाठीमागे धरून उभे केले. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्टहून अधिक दाबाचा भार राहू शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. एका विजेच्या बल्बमधून त्यांनी तो भार उतरविला, मीटरने खात्री केली, आणि मगच आत हात घातला. हे काम शिकलेल्या माणसाचेच आहे. तुम्ही कधीही संचाचे झाकण उघडू नका.

"हा बघ चोर!" ते म्हणाले. एका कंडेन्सरचा सपाट माथा फुलक्यासारखा फुगला होता. माथ्यावर मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात. आत वायू साठल्यास त्या उकलतात आणि डबी फुटत नाही. त्यांनी डाख वितळवून तो काढला. त्याच धारणेचा आणि १०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकणारा नवा कंडेन्सर, ऋण बाजूची पट्टी नीट जुळवून, बसविला. उलटा बसविला असता तर तोच फुटला असता. संच लागला. मी टाळ्या वाजविल्या.

"घाई नको. याची परीक्षा थंडीतच," असे म्हणून त्यांनी संच रात्रभर दुकानात ठेवला. सकाळी तो पुन्हा दोनदा थांबला! मी हिरमुसलो. त्यांनी मात्र शेजारचा, दिसायला अगदी धडधाकट असलेला कंडेन्सर मीटरवर तपासला. तोही आतून सुकला होता. न फुगलेला कंडेन्सर निर्दोष असतोच असे नाही, हे जाणूनच त्यांनी रात्रीची वाट पाहिली होती. तोही बदलला, आणि आणखी एक रात्र गेली.

तिसऱ्या दिवशी संच घरी आला. भिंतीवरील बंद कपाटात तो होता, तिथे आतली गरम हवा कोंडून राही. कारागिरांनी तो बाहेरच्या मेजावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवायला लावला. आजीने विणलेला रुमालही मागच्या झरोक्यांवरून काढविला. दर दहा अंश उष्णता वाढली, की अशा कंडेन्सरचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असे त्यांनी सांगितले. आजी जरा रुसली. दोन्ही कंडेन्सरांची किंमत चहाच्या चार पेल्यांएवढीही नव्हती. मजुरी मात्र त्यांनी दोन दिवसांची घेतली, आणि बाबांनी ती आनंदाने दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. आजोबांनी बटण दाबले. कंपनीचे नाव झळकले. आम्ही सारे श्वास रोखून पाहत होतो. नाव गेले, आणि बातम्या सुरू झाल्या.