पोर्ट लुई : बंदरावरून ओळखावा असा देश

मॉरिशसला उतरलेला पाहुणा बहुधा विमानतळावरून थेट किनाऱ्यावरच्या हॉटेलात जातो. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, तर राजधानी पोर्ट लुई वायव्येला. त्यामुळे सहलीत राजधानीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो, तोही खरेदीपुरता. निळं पाणी आणि पांढरी वाळू जगातल्या पुष्कळ बेटांवर आहे. आफ्रिका, भारत, चीन आणि युरोपातून आलेली माणसं एका छोट्या बेटावर एकत्र कशी नांदू लागली, हे मात्र पोर्ट लुईच्या बंदरावर गेल्याशिवाय कळत नाही.

देश खरोखरच लहान आहे. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात, लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. रॉड्रिग्ससारखी दूरची बेटं धरूनही क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा हिस्सा.

एवढ्याशा जागेत हवामान मात्र तासाभराच्या प्रवासात बदलतं. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर चढतात आणि आपलं बाष्प तिथेच रिकामं करतात. म्हणून पठारावरच्या क्युरपीप गावात छत्री जवळ ठेवावी लागते, आणि डोंगरांच्या आडोशाला वसलेल्या पोर्ट लुईत त्याच वेळी लख्ख ऊन असतं. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि देशावरचं कोरडं आभाळ पाहिलेल्या मराठी माणसाला हे लगेच उमजेल. ऋतू मात्र उलटे : नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर सौम्य हिवाळा. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे दिवस. 1960 मध्ये ‘कॅरल’ वादळानं हजारो घरं जमीनदोस्त केली आणि त्यानंतर लाकूड-पत्र्याच्या जागी सिमेंटची सपाट छपराची घरं उभी राहिली. आजही वादळाचा इशारा एक ते चार अशा चढत्या श्रेणीत दिला जातो. नव्यानं राहायला आलेल्या माणसानं ही श्रेणी आधी समजून घ्यावी.

डच लोकांनी 1598 मध्ये या निर्मनुष्य बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं. त्यांच्याच काळात डोडो पक्षी नामशेष झाला. 1715 मध्ये फ्रेंच आले. माहे द ला बुर्दोने या गव्हर्नरानं 1735 नंतर पोर्ट लुईचं खरं बंदर उभारलं. आज त्याचा पुतळा धक्क्याजवळ दिमाखात उभा आहे, पण बंदराचे दगड वाहिले ते मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी. त्यांतले पळालेले लोक नैर्ऋत्येच्या ल मॉर्न डोंगरावर लपून राहत. तो डोंगर 2008 पासून जागतिक वारसा आहे.

1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं. 1835 मध्ये गुलामी संपली, पण उसाच्या मळ्यांना हात हवेच होते. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाज कोलकात्याहून 36 करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. पुढे साडेचार लाखांहून अधिक भारतीय याच बंदरात उतरले. 1849 पासून त्यांची नोंद जिथे होई तो तळ म्हणजे आजचा आप्रवासी घाट. दवाखाना, स्वयंपाकघर आणि समुद्रातून वर येणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या : मूळ आवारातला थोडाच भाग उरला आहे. पण देशातली सर्वांत महत्त्वाची जागा कोणती असं विचारलं, तर उत्तर हेच. 2006 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आज देशातले सुमारे दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत.

मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिटियांत, म्हणजे करारबद्ध मजुरांत, कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. त्यांचे वंशज घरात आता प्रामुख्यानं क्रिओल ही स्थानिक भाषा बोलतात, तरी मराठी शाळांत शिकवली जाते आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचं उच्च शिक्षणही मिळतं. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गणपती नद्यांत आणि समुद्रात विसर्जित होतात. पाच-सहा पिढ्यांनंतरही हे टिकलं, याचं श्रेय सरकारी सुट्टीपेक्षा घराघरांतल्या आग्रहाला द्यायला हवं.

शहरात फिरताना हा मिलाफ पावलोपावली भेटतो. जुम्मा मशिदीपासून चायनाटाउन हाकेच्या अंतरावर. सेंट्रल मार्केटच्या आसपास गाड्यांवर दोल पुरी मिळते : वाटलेली हरभऱ्याची डाळ भरलेली, पातळ, दोन-दोनच्या जोडीनं गुंडाळून दिलेली. पुरणपोळीची तिखटाकडे वळलेली बहीण म्हणावी अशी. संसदेचं कामकाज इंग्रजीत चालतं, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात आणि रस्त्यावर क्रिओल ऐकू येते. ‘बोंझूर’ म्हणून बोलायला सुरुवात करणाऱ्याचं इथे मनापासून स्वागत होतं.

1812 पासून घोड्यांच्या शर्यती होत आलेल्या शां द मार्स मैदानावर 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा फडकला. गांधीजी 1901 मध्ये या बेटावर थांबले होते. त्यांच्या दांडी यात्रेचा आरंभदिन म्हणजे 12 मार्च, आणि स्वातंत्र्यासाठी तोच दिवस निवडला गेला. पुढे 1992 मध्ये याच तारखेला देश प्रजासत्ताक झाला.

आता शहरात फिरणं सोपं झालं आहे. पूर्वी रस्त्यावरची कोंडी हीच पोर्ट लुईची मुख्य तक्रार होती. भारताच्या अर्थसाहाय्यानं, लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली मेट्रो 2019-20 मध्ये सुरू झाली आणि 2022 मध्ये क्युरपीपपर्यंत पोचली. ऊन आणि पाऊस दोन्ही एका तिकिटात पाहता येतात.

तेव्हा मॉरिशसचा बेत आखताना पोर्ट लुईला एक पूर्ण दिवस द्यावा, तोही कामकाजाच्या वारी, कारण रविवारी दुपारनंतर शहर ओस पडतं. सकाळी ऊन चढायच्या आत आप्रवासी घाट पाहावा. कोकणातल्या ज्या घरांत ‘आमचा एक पणजोबा मॉरिशसला गेला तो परतलाच नाही’ अशी गोष्ट सांगतात, त्यांनी तर गावाचं आणि माणसाचं नाव लिहून घेऊनच निघावं. गिरमिटियांच्या आगमनाच्या नोंदवह्या महात्मा गांधी संस्थेनं जपून ठेवल्या आहेत.