कर मालावर, घाव मनावर

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील प्लॅट्सबर्ग हे कॅनडाच्या सीमेजवळचे छोटे शहर स्वतःला अभिमानाने ‘मॉन्ट्रियलचे अमेरिकी उपनगर’ म्हणवून घेते. सीमेपलीकडून येणारे गिऱ्हाईक हा तेथील दुकानांचा व हॉटेलांचा मोठा आधार. २०२५ च्या वसंत ऋतूत हे गिऱ्हाईक रोडावले.

निमित्त होते आयातकराचे. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाच्या बहुतेक मालावर लादलेला २५ टक्के कर ४ मार्च रोजी लागू झाला. कॅनडा हे अमेरिकेचे ‘एक्कावन्नावे राज्य’ व्हावे, अशी विधानेही ते वारंवार करीत होते. तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी फेब्रुवारीतच प्रत्युत्तराचा कर जाहीर करताना, स्वदेशी माल घ्यावा आणि सुटीही देशातच घालवावी, असे आवाहन कॅनेडियन जनतेला केले होते.

तीनच दिवसांत, उत्तर अमेरिकी व्यापार कराराच्या अटींत बसणाऱ्या मालाला करातून सूट मिळाली. गिऱ्हाईक मात्र परतले नाही. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या नोंदीनुसार, एप्रिलमध्ये मोटारीने अमेरिकेस जाऊन येणाऱ्या कॅनेडियनांच्या फेऱ्या वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्या. कॅनेडियन डॉलर तेव्हा स्वस्त होता हे खरे. परंतु तो आदल्या हिवाळ्यातही स्वस्तच होता.

परदेशी पाहुण्याने निवास, भोजन व खरेदीवर केलेला खर्च म्हणजे यजमान देशाची निर्यातच होय. तिच्यावर कोणी जकात बसवली नव्हती. तरीही ती आटली. अमेरिकेतील पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेच्या हिशेबाने, २०२४ मध्ये कॅनेडियनांच्या २ कोटी ४ लाख भेटींतून २०.५ अब्ज डॉलर मिळाले होते. भेटी केवळ १० टक्क्यांनी घटल्या, तरी २.१ अब्ज डॉलरचा तोटा होईल व १४ हजार नोकऱ्या जातील, असा इशारा तिने फेब्रुवारीतच दिला होता.

प्लॅट्सबर्गच्या दुकानदाराने कर लावला नव्हता, की कोणाचा अवमान केला नव्हता. तरी तुटीची नोंद त्याच्याच खातेवहीत झाली. ताळेबंदात नावलौकिक मालमत्तेच्या बाजूस मांडतात, तो उगाच नव्हे. कर एका सहीने लागतो आणि एका सहीने उठतो. दुखावलेले गिऱ्हाईक परत आणणारी सही अद्याप कोणत्याही सरकारपाशी नाही.