गावं लहान, नावं मोठी

नागपूरहून पहाटे निघालं की सिवनी, लखनादौन मागे टाकत जेवणाच्या वेळेला जबलपूर गाठता येतं. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच राज्यात होती आणि राजधानी नागपूरला होती, हे आता दोन्हीकडच्या पोरांना सांगावं लागतं. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांत मात्र सांगावं लागत नाही. माझी आत्या अशाच एका घरातली. तिचं वाक्य मराठीत सुरू झालं तरी संपेल कुठल्या भाषेत, याचा भरवसा नसतो. तीन दिवस गाडी काढून गावं बघत फिरणार म्हटल्यावर ती म्हणाली, "भेडाघाट तर दुपारपर्यंत होऊन जातो. मग काय करशील रे? पुढे तर नुसते गावच गाव आहेत."

मला नुसती गावंच बघायची होती. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर बास्क लोकांची गावं आहेत. पांढऱ्या भिंती, लाल लाकूडकाम, एस्पलेतसारख्या गावात दर्शनी भिंतींवर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळा. लोक मुद्दाम मोटारीनं ती बघत हिंडतात. त्या मुलखातली एक रीत मला फार आवडते. तिथं घराला नाव असतं आणि पूर्वी माणूस घराचंच नाव लावायचा. जबलपूरभोवतीच्या गावांत तसला नीटनेटकेपणा शोधू नये. तिथं नावं आहेत, आणि ती गावांना कधीच मोठी होऊन बसली आहेत.

सुरुवात शहरातच होते. गढा ही आज जबलपूरची एक गजबजलेली वस्ती आहे. पण गोंड राज्याचं नाव इतिहासात गढा-मंडला असं येतं, त्यातला हा गढा. वर टेकडीवर मदन महाल, खाली रिक्षांची गर्दी. जबलपूर हे नंतरचं नाव, गढा आधीचं. शहर वाढलं आणि राजधानी त्याचं उपनगर झाली.

भेडाघाटच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर तेवर लागतं. बहुतेक गाड्या इथं वेग कमीसुद्धा करत नाहीत. हे तेवर म्हणजे त्रिपुरी, कलचुरींची राजधानी. अकराव्या शतकात इथल्या गांगेयदेवाचा आणि त्याच्या मुलाचा, कर्णाचा, दबदबा उत्तरेत दूरवर होता. गांगेयदेवाच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी होती. तो नमुना इतका चालला की पुढं कितीतरी घराण्यांनी उचलला, अगदी महंमद घोरीच्या नाण्यांवरही ती लक्ष्मी आली. आणि आपण मराठीत त्या राजाला कशासाठी ओळखतो? 'कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली' या म्हणीतला गंगू म्हणजे हाच गांगेय आणि तेली म्हणजे दक्षिणेचा चालुक्य तैलप किंवा तेलंगण, अशी एक उपपत्ती सांगतात. ती खरी असेल तर सम्राटाचा याहून मोठा अपमान भाषेनं क्वचितच केला असेल. मला स्वतःला ती जरा ओढूनताणून वाटते, पण तेवरच्या पारावर बसून ऐकायला मजा येते.

तेवरचा इतिहास उजेडात आणण्यात दोन मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. सागर विद्यापीठाच्या मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी १९५२ च्या सुमारास इथं उत्खनन केलं आणि वस्ती कलचुरींच्या कितीतरी आधीची असल्याचं दाखवलं. नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी कलचुरी-चेदी संवतातले लेख गोळा करून, वाचून १९५५ मध्ये ग्रंथरूपानं दिले. कोकणातल्या माणसानं नागपूरला बसून नर्मदेकाठच्या राजांची वंशावळ लावून दिली. आज त्या राजांवर लिहिणाऱ्याला मिराशींच्या दारावरूनच जावं लागतं.

'त्रिपुरी' हे नाव पुन्हा एकदा देशभर गाजलं ते मार्च १९३९ मध्ये. काँग्रेसचं अधिवेशन इथं नर्मदेजवळ भरलं. सुभाषचंद्र बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्यांना हरवून अध्यक्ष झालेले, पण तापानं फणफणलेले. बावन्नावं अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. रथात अध्यक्ष नव्हते, त्यांची तसबीर होती. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला. शाळेच्या पुस्तकात 'त्रिपुरी काँग्रेस' वाचलेल्या कितीतरी जणांना ते त्रिपुरा राज्यात झालं असं वाटतं. एकदा मलाही तसंच वाटलं होतं.

भेडाघाटबद्दल मी फार लिहिणार नाही. धुआंधारचे तुषार, संगमरवरी कड्यांमधून जाणारी नाव, नावाड्याची यमकं जुळवत चाललेली बडबड आणि 'जिस देश में गंगा बहती है' इथंच चित्रित झाल्याची आठवण, हे सगळं सर्वांना ठाऊक आहे. मी टेकडीवरच्या चौसष्ट योगिनींकडे चढलो. उघडं, गोल आवार, कडेनं देवड्या, मध्ये गौरीशंकराचं देऊळ. नाव चौसष्ट योगिनी, पण अभ्यासकांनी इथं एक्क्याऐंशी योगिनींची जागा मोजली आहे. बऱ्याच मूर्तींचे हात, नाकं तुटलेली आहेत, तरी पायथ्याला कोरलेली त्यांची नावं कितीतरी ठिकाणी अजून वाचता येतात.

भेडाघाट आणि तिलवाराघाट यांच्या मध्ये लम्हेटा आहे. चार घाट, काही देवळं, कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात डुंबणारी पोरं. या गावाचं नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. मध्य भारतात ज्या थरांत डायनासोरची हाडं आणि अंडी सापडतात, त्यांना 'लॅमेटा' थर म्हणतात ते या घाटावरून. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा याच थरांवर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्यानं सह्याद्री घडवला, त्याच्या खाली हे थर दबले. म्हणजे महाराष्ट्राच्या काळ्या दगडाखाली काय आहे ते पाहायचं तर लम्हेट्याला यावं.

इथली पहिली हाडं १८२८ मध्ये जबलपूरच्या छावणीतल्या बडा सिमला टेकडीवर विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याला मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच हा. त्याच्याही नावाचं गाव आहे, कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद. हाडांचं बारसं मात्र १८७७ पर्यंत रखडलं. तेव्हा रिचर्ड लिडेकरनं त्या प्राण्याचं नाव 'टायटनोसॉरस इंडिकस' ठेवलं. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट परिसर युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. त्याच खेपेला आपले मराठ्यांचे किल्लेही त्या यादीत गेले होते. किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. लम्हेटा अजून रांगेत आहे.

घाटावर परकम्मावासी, म्हणजे नर्मदेची प्रदक्षिणा करणारे, भेटले, पांढऱ्या कपड्यातले, काठी-कमंडलू घेतलेले. चौघांतले तिघे मराठी. मला याचं नवल वाटलं नाही. गो. नी. दांडेकर आणि जगन्नाथ कुंटे यांची पुस्तकं वाचून निघालेले किती मराठी पाय या काठानं गेले असतील! नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, मिळेल ते खायचं. "नर्मदे हर" म्हटलं की घरातून पीठ-डाळ बाहेर येते, त्याला सदाव्रत म्हणतात. मला पीठ नव्हे, तयार गक्कड मिळाले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, सोबत वांग्याचं भरीत. बाजूच्या पोरानं "का बड्डे, और लेओगे?" असं विचारलं तेव्हा जबलपूरला आल्याची खूण पटली. 'बड्डे' हे इथलं संबोधन, आपल्या 'भाऊ'सारखं.

दुसऱ्या दिवशी मंडल्याचा रस्ता धरला. बरेल्याजवळ नर्रई नाला आहे. २४ जून १५६४ रोजी गोंड राज्याची राणी दुर्गावती इथं पडली. समोर अकबराचा सरदार आसफखान, तोफखाना त्याच्याकडे. बाण लागून जखमी झाल्यावर पकडलं जाण्यापेक्षा राणीनं स्वतःच्याच हातानं शेवट केला. येणारा-जाणारा तिच्या समाधीवर एखादा चांगला पांढरा दगड वाहून पुढं जातो, असं स्लीमननं १८४४ च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. आज तिथं स्मारक आहे, पुतळा आहे. मी खिशात एक पांढरी गारगोटी नेली होती, ती ठेवली.

मंडल्यात नर्मदा किल्ल्याला तीन बाजूंनी वळसा घालते. मराठी वाचकानं इथं जरा अवघडून उभं राहावं. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांची स्वारी इथं आली, राजा महाराजशहा मारला गेला आणि चौथाई बसली. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंडांचं राज्य खालसाच केलं. पुढं हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांनी घेतलं. आपल्या बखरींत ही एक ओळ आहे, मुलूखगिरीची. गोंडांच्या कहाणीत तो शेवटचा अध्याय आहे.

मंडल्यापासून वीसेक किलोमीटरवर रामनगर. गोंड राजा हिरदेशहानं सतराव्या शतकात राजधानी इथं आणली. नदीकाठी मोतीमहाल उभा आहे, आत अंगण, अंगणात हौद. १६६७ चा संस्कृत शिलालेख इथं आहे आणि त्यात गढा-मंडल्याच्या पन्नासहून अधिक राजांची नावं एकापाठोपाठ एक आहेत. सुरुवातीच्या नावांवर इतिहासकारांचा विश्वास नाही. यादीतला पहिला यादवराय गोदावरीकडून आला, अशी कथा आहे. गाव मात्र एवढंसं. दोन चहाच्या टपऱ्या, एक पिंपळ. जवळच काळा पहाड आहे, रचून ठेवल्यासारख्या कोनदार दगडी खांबांचा. महाल बांधून उरलेले दगड, असं लोक सांगतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे खांब ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना असेच तडकतो.

तिसरा दिवस डिंडोरीच्या बाजूला. साल वृक्षांचं जंगल, मध्येच कोदो-कुटकीची शेतं, घरांच्या वळचणीला टांगलेली मक्याची कणसं. या वाटेवर पाटनगढ आहे आणि तीन दिवसांतलं एकच गाव बघायचं झालं तर मी हे सांगेन.

इथं प्रधान लोकांची वस्ती आहे. प्रधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत यजमानाच्या घरी जायचं, बडादेवाला जागवायचं, गोंड राजांच्या कथा गायच्या आणि दान घेऊन परतायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. रामनगरच्या दगडावर जी नावं कोरली, तशी नावं यांच्या गळ्यात होती. राज्य गेलं, यजमान गरीब झाले, बाना खुंटीला लागला.

या लोकांबद्दलचा पहिला सविस्तर ग्रंथ १९४६ मध्ये निघाला आणि तो लिहिणारा माणूस मराठी होता, शामराव हिवाळे. १९२७ मध्ये भारतात आलेला व्हेरिअर एल्विन हा इंग्रज पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहिला, तिथं दोघांची गाठ पडली आणि १९३२ मध्ये ही जोडी इकडं करंजियाला झोपडी बांधून राहू लागली. पुढं पाटनगढला आली. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांची सेवा. एल्विनचं नाव जगभर झालं, तो ईशान्येकडं निघून गेला. हिवाळे इथंच राहिले. महाराष्ट्रात त्यांचं नाव घेतलेलं मी तरी क्वचित ऐकलं आहे.

मग १९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी कलावस्तू शोधत जगदीश स्वामिनाथन यांची माणसं या गावात आली. एका घराच्या भिंतीवर त्यांना चित्र दिसलं. काढणारा पोरगा होता जनगढसिंग श्याम. जन्माच्या वेळी जनगणना चालू होती म्हणून नाव जनगढ, असं सांगतात. भोपाळला गेल्यावर त्याच्या हाती कागद आणि पोस्टर रंग आले. आजा-पणजा जे देव गात आले होते, ते त्यानं ठिपक्या-रेषांनी काढले. १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात, घरापासून दूर, त्यानं आयुष्य संपवलं. त्याच्या शैलीला आता 'जनगढ कलम' म्हणतात. शिरगणतीवरून पडलेलं नाव एका घराण्याचं नाव झालं.

याच मुलखातल्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायन' चितारलं, डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं चित्रपुस्तक, २०११ चं. त्यात आगगाडी सापासारखी धावते. प्रेमळ बोलणं पाखराच्या आकारात येतं, विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. महाडचं तळं नर्मदेकाठच्या रेषांत पाहताना मला जे वाटलं, ते शंभर वेळा ऐकलेल्या भाषणांनी वाटलं नव्हतं.

पाटनगढच्या गल्लीत आज घरोघरी चित्रं निघतात. बाहेरच्या भिंतींवर हरणं, मोर, झाडातून फुटलेली शिंगं. ओसरीवर बसलेली बाई शिवणाच्या टाक्याएवढे ठिपके देत होती. तिनं कोदोचा भात वाढला आणि जेवून झाल्यावरच चित्रांचं बोलली. सगळ्यांचीच हातोटी सारखी नाही. काही चित्रं निव्वळ पर्यटकांसाठी घाईनं उरकलेली दिसतात, ती डोळ्यांना कळतात.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात भेडाघाटची नाव बंद असते. मंडला किंवा डिंडोरीला मुक्काम करा, एका दिवसात सगळं उरकू नका. आणि पाटनगढला चित्र घेतलंत तर ते काढणाऱ्याच्या घरातूनच घ्या, पैशांची फार घासाघीस करू नका, आणि निघण्याआधी चित्राच्या मागे त्याच्याच हातानं त्याचं नाव लिहून घ्या.