झटक्याला वाट देणारी खुर्ची

व्हीलचेअरच्या पाठीची धातूची नळी वाकवायला किती ताकद लागत असेल? एखादं हडकुळं, दहा-बारा वर्षांचं पोर ती वाकवतं. बोल्टसुद्धा तोडतं. आणि यातलं काहीही त्याला करायचं नसतं!

सेरेब्रल पाल्सी किंवा डिस्टोनिया असलेल्या काही मुलांच्या स्नायूंना मेंदूकडून भलतेच संदेश जातात. कंबर, गुडघे, मान एकदम ताठ होतात. निमित्त काय? दार आपटलं. आवडती आत्या आली. काहीतरी सांगावंसं वाटलं, एवढंही पुरतं.

यावर जुना उपाय एकच: पट्टे आणखी आवळा. पण पाठ अडली, पाऊल अडलं, तर त्या जोराने जायचं कुठे? मधल्या मध्ये कंबर उचलली जाते, पुढे घसरते. झटका ओसरतो तेव्हा मूल गादीच्या काठावर आलेलं असतं. मग आईने काखेत हात घालून पुन्हा मागे ओढायचं. दिवसातून कितीदा!

मग कुणीतरी उलटा विचार केला. अडवायचंच कशाला? जाऊ द्या की!

अशा खुर्चीच्या पाठीमागे स्प्रिंग असते, नाहीतर रबरासारख्या चिवट पदार्थाचे ठोकळे. मूल ताठलं की पाठ त्याच्याबरोबर मागे जाते आणि झटक्याचा जोर त्या स्प्रिंगमध्ये साठतो. स्नायू सैलावले की तोच जोर मुलाला पुन्हा बसतं करतो. म्हणजे खुर्ची सरळ करायचं काम झटक्याकडूनच करून घेतलं! काही खुर्च्यांत जोडीला डँपर असतो. ऑफिसच्या दारावरच्या क्लोजरसारखा तो पाठीला सावकाश परत आणतो, फटकन नाही.

पण खरी करामत बिजागरीच्या जागेत आहे. बसच्या पुशबॅक सीटवर मागे रेलताना शर्ट वर सरकतो, पाहिलंय? सीटची बिजागरी असते खाली, मागच्या कोपऱ्यात. आपलं शरीर मात्र खुब्याच्या सांध्यात वाकतं, म्हणजे बिजागरीच्या पुढे आणि वर. दोन वर्तुळांची केंद्रं वेगळी, म्हणून पाठ आणि सीट एकमेकांवर घासतात. आपला शर्टच चुरगळतो; दिवसभर झटके येणाऱ्या मुलाची कातडी सोलवटते, आणि सरळ होताना कंबर पुन्हा पुढे ढकलली जाते. म्हणून खुर्ची वळण्याचा बिंदू खुब्याच्या शक्य तितका जवळ आणतात.

पायाचंही तसंच. गुडघा ताठला की फूटरेस्ट पुढे झुलतो, वर लांबतोही. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या अभियंत्यांनी तर पाठ आणि पाय दोन्ही हलू देणारी खुर्ची मुलांसाठी घडवली. घट्ट धरायची फक्त कंबर.

स्प्रिंग किती कडक हवी, हे प्रत्येक मुलागणिक ठरतं. फार मऊ असेल तर पाठ परत येत नाही. फार कडक असेल तर जुनीच खुर्ची बरी. मूल वाढलं, वजन बदललं की पुन्हा जुळवणी.

आणि हे जुळलं की एक वेगळाच फायदा पदरात पडतो. काही मुलं नजरेने पडद्यावरची अक्षरं निवडून बोलतात. नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्याला डोळे ठरावीक जागी सापडले तरच ते जमतं. झटक्यानंतर डोकं पुन्हा त्याच जागी आलं, तर अर्ध्यावर राहिलेला शब्द मूल स्वतःच पुरा करतं. खुर्चीत नीट बसवायला कुणाला हाक मारावी लागत नाही.