गाजर गवत व त्याचा बंदोबस्त

इ. स. १९५५ च्या सुमारास पुण्यांत एक अपरिचित झुडूप दृष्टीस पडलें. पानें गाजरासारखीं, फुलें बारीक व पांढरीं. म्हणून लोकांनीं त्यास ‘गाजर गवत’ म्हटलें. मूळची अमेरिकाखंडांतील ही वनस्पति परदेशी धान्यासमवेत आली, असें मानतात. एकेक झाड हजारों बीजें टाकतें. तीं वाऱ्यानें, पाण्यानें व वाहनांबरोबर पसरतात. कांहीं दशकांतच तिनें बहुतेक देश व्यापिला. तिच्या स्पर्शानें त्वचेस खाज सुटते, परागांनीं कित्येकांना दमा जडतो व गुरांच्या चाऱ्याची जागा ती बळकावते.

१९८४ सालीं तिचा शत्रु, मेक्सिकोंतील एक भुंगा, परीक्षेअंतीं बंगळूर येथें सोडण्यांत आला. एका परक्याच्या बंदोबस्तास दुसरा परका आणणें जोखमीचें; पुढें तो सूर्यफुलावर आढळतांच पुन्हा चौकशी झाली. तो व त्याच्या अळ्या पावसाळ्यांत पानें फस्त करितात. परंतु कोरड्या दिवसांत भुंगे जमिनींत निद्रिस्त होतात, आणि जेथें ओल असेल तेथें गवत वाढतच राहतें.

यास्तव माणसाची पाळत हवीच. पहिल्या पावसानंतर अंगण, गटारकांठ व मोकळ्या जागा न्याहाळाव्या, आणि फूल येण्यापूर्वींच, हातमोजे घालून, रोप मुळासकट उपटावें. विलंब झाल्यास उपटणाऱ्याच्याच हातून बीं सांडतें.