उपयोजित वर्तनविश्लेषणाची प्रमाणपत्र-परीक्षा : पूर्वतयारीचे स्वरूप

एखादे वर्तन का घडते, ते कशामुळे टिकून राहते आणि परिस्थितीत कोणता बदल केला असता ते बदलते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष मोजमापाच्या आधारे शोधणारे शास्त्र म्हणजे वर्तनविश्लेषण होय. त्याची तत्त्वे शाळा, घर, रुग्णालय अशा ठिकाणी माणसाच्या उपयोगी आणणाऱ्या शाखेस उपयोजित वर्तनविश्लेषण असे म्हणतात. स्किनर यांच्या १९३८ सालच्या 'द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स' या ग्रंथाने मूळ शास्त्राचा पाया घातला. पुढे १९६८ साली 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस' हे नियतकालिक सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यात बेअर, वुल्फ व रिझली यांनी या शाखेची सात लक्षणे सांगितली. आज या शाखेचा सर्वांत मोठा उपयोग स्वमग्न मुलांच्या शिक्षणात होत असून, असे काम करणाऱ्यांची पात्रता ठरविण्यासाठी प्रमाणपत्र-परीक्षा अस्तित्वात आल्या आहेत.

कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी वसलेल्या मुरगूडसारख्या गावाच्या दृष्टीने हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु तो तसा नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तो झाला. हक्क मान्य झाला, तरी तो प्रत्यक्षात आणणारा जाणकार माणूस हवा. आणि लहान गावातील आईवडिलांना त्याच्या शोधात शहराची वाट धरावी लागते. म्हणून गावातील मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही परीक्षा देण्याचा विचार करणे स्वाभाविक आहे. अशा विद्यार्थ्याने प्रथम कोणत्या गोष्टी समजून घ्याव्यात आणि तयारी कोणत्या रीतीने करावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

परीक्षा कोणती आणि कोणासाठी

या क्षेत्रातील सर्वांत परिचित परीक्षा अमेरिकेतील बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड या १९९८ साली स्थापन झालेल्या मंडळाची आहे. पदव्युत्तर पदवी, विहित अभ्यासक्रम आणि देखरेखीखाली केलेले प्रात्यक्षिक काम, सर्वसाधारण मार्गाने २००० तास, या तिच्या प्रवेशाच्या अटी होत. परंतु १ जानेवारी २०२३ पासून हे मंडळ भारतात राहणाऱ्या उमेदवारांचे नवे अर्ज स्वीकारीत नाही. ही गोष्ट ध्यानात न घेता वर्ष-दोन वर्षे व बराच पैसा खर्च करणे म्हणजे बंद दारापुढे उभे राहणे होय. इंटरनॅशनल बिहेवियर अ‍ॅनालिसिस ऑर्गनायझेशन आणि क्वालिफाइड अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस क्रेडेन्शियलिंग बोर्ड या संस्थांच्या परीक्षा इतर देशांतील उमेदवारांसाठीही आहेत. त्यांचे नियम अर्ज करण्यापूर्वी मूळ स्वरूपात वाचून घ्यावेत.

दुसरी गोष्ट अशी की, परदेशी प्रमाणपत्र म्हणजे भारतातील नोंदणी नव्हे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात ज्या व्यावसायिकांचे वर्ग सांगितले आहेत, त्यांत वर्तनविश्लेषकाचा स्वतंत्र वर्ग नाही. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत मात्र वर्तनविश्लेषकाचे नाव आले आहे. म्हणून प्रमाणपत्राकडे ज्ञानाची कसोटी म्हणून पाहावे. व्यवसायाचा परवाना म्हणून पाहू नये.

असे असूनही अमेरिकन मंडळाचा परीक्षा-आराखडा अभ्यासण्याजोगा आहे, कारण या विषयाची इतकी व्यवस्थित मांडणी क्वचितच आढळते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या सहाव्या आवृत्तीत नऊ विभाग आहेत. त्यांत संकल्पना व तत्त्वे आणि वर्तनबदलाच्या पद्धती यांना प्रत्येकी १४ टक्के, नीतिविषयक प्रश्न व वर्तनाचे मूल्यांकन यांना प्रत्येकी १३ टक्के, मोजमापाला १२ टक्के, उपाययोजनेची निवड आणि सहकाऱ्यांवरील देखरेख यांना प्रत्येकी ११ टक्के, प्रयोगरचनेला ७ टक्के आणि तात्त्विक पायाला ५ टक्के भार आहे. एकूण १८५ प्रश्न चार तासांत सोडवावयाचे असतात. त्यांपैकी १७५ प्रश्नांचेच गुण धरले जातात. एका प्रश्नास सरासरी ७८ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात व्याख्या आठवीत बसण्यास सवड नसते. परीक्षेत एखादा प्रसंग दिलेला असतो आणि त्याखालील चार उत्तरांपैकी दोन-तीन एकमेकांच्या अगदी जवळची असतात. तात्पर्य, ही परीक्षा मुख्यतः विभेदनाची आहे. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतील भेद ओळखण्याची आहे.

संकल्पनांचे विभेदन

सर्वाधिक घोटाळा ऋण प्रबलन आणि शिक्षा या दोन संकल्पनांत होतो. येथे मराठी विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे साहाय्य होते. 'सकारात्मक' आणि 'नकारात्मक' या शब्दांमुळे चांगले व वाईट असा ग्रह होतो. उलट 'धन' आणि 'ऋण' हे शब्द गणितातून आलेले असल्यामुळे काही मिळविले गेले की वजा झाले, एवढेच ते सांगतात. शास्त्राला नेमका हाच अर्थ अभिप्रेत आहे. पावसात रोपलावणीसाठी निघालेली बाई अंगावर इरले घेते, भिजणे थांबते, आणि पुढच्या सरीला ती पुन्हा इरले घेते. येथे त्रासदायक गोष्ट वजा झाली आणि वर्तन वाढले. म्हणून हे ऋण प्रबलन. मूल तापलेल्या तव्याला हात लावते, चटका बसतो आणि पुन्हा ते हात लावीत नाही. येथे वर्तन घटले; म्हणून ही शिक्षा. वर्तन वाढले की घटले हा प्रश्न आधी, आणि काही मिळाले की वजा झाले हा प्रश्न नंतर, या क्रमाने विचार केल्यास चूक सहसा होत नाही. गुरुजींनी छडी मारली, पण खोडी कमी झाली नाही, तर शास्त्राच्या भाषेत ती शिक्षा ठरत नाही.

एकाच प्रसंगात दोन व्यक्तींच्या वर्तनाचे निरनिराळे प्रबलन होत असते, हेही लक्षात ठेवावे. बाजारात मूल खाऊसाठी आकांत करते, आई खाऊ घेऊन देते, रडणे थांबते. मुलाला खाऊ मिळाला, म्हणून त्याच्या रडण्याचे धन प्रबलन झाले. आईच्या कानांवरील रडणे वजा झाले, म्हणून तिच्या खाऊ देण्याचे ऋण प्रबलन झाले. प्रश्नात कोणाच्या वर्तनाविषयी विचारले आहे, हे पाहिल्यावाचून उत्तर देणे व्यर्थ होय.

प्रबलनाच्या वेळापत्रकांची उदाहरणेही गावातच सापडतात. टनावर मजुरी घेणाऱ्या ऊसतोडणी कामगाराची व्यवस्था प्रमाणाधारित वेळापत्रकाच्या जवळ जाते, कारण जेवढे काम तेवढा मोबदला. ठरलेल्या वेळेला येणाऱ्या एस.टी.ची वाट पाहणारा प्रवासी आधी क्वचित रस्त्याकडे पाहतो आणि वेळ जवळ येताच वारंवार पाहू लागतो. हा स्थिर कालांतराचा नमुना. परंतु दूधसंस्थेचे दर दहा दिवसांनी मिळणारे बिल हे स्थिर कालांतराचे उदाहरण समजणे चुकीचे आहे. त्या वेळापत्रकात मुदत संपल्यानंतर घडलेल्या पहिल्या प्रतिक्रियेलाच प्रबलन मिळते, त्यापूर्वीच्या प्रतिक्रिया निष्फळ असतात. दुधाच्या बिलात मात्र दहाही दिवसांच्या दुधाचा हिशेब असतो.

भाषिक वर्तनाच्या बाबतीतही असेच आहे. स्किनर यांनी १९५७ च्या 'व्हर्बल बिहेवियर' या ग्रंथात शब्दांचे वर्गीकरण त्यांच्या अर्थावरून नव्हे, तर ते कोणत्या परिस्थितीत उच्चारले जातात त्यावरून केले. चॉम्स्की यांनी १९५९ साली या ग्रंथावर कठोर टीका केली. तथापि स्वमग्न मुलांच्या शिक्षणात हे वर्गीकरण आजही वापरले जाते. तहानलेले मूल 'पाणी' म्हणते ती मागणी. परीक्षेच्या परिभाषेत मँड. वेदगंगा दिसताच 'पाणी' म्हणते ते नामनिर्देशन, म्हणजे टॅक्ट. आईने 'पाणी' म्हटल्यावर तसेच म्हणते तो प्रतिध्वनी. आणि 'तहान लागली की काय पितोस?' या प्रश्नाला 'पाणी' म्हणते ते उत्तररूप भाषण. शब्द एक, वर्तने चार. चित्रात पाणी ओळखणारे मूल तहान लागल्यावर ते मागू शकेलच असे नाही. मागणी स्वतंत्रपणे शिकवावी लागते. हा भेद न कळलेल्या शिक्षकाच्या हाती मूल शंभर चित्रांची नावे शिकते आणि तहानलेलेच राहते.

मोजमापाची कसोटी

मोजमापाचा विभाग पाठांतराने मुळीच साधत नाही. समजा, एक मूल प्रत्येक दहा सेकंदांच्या खंडात चार सेकंद जागा सोडून उठते. प्रत्यक्षात ४० टक्के काळ ते जागेवर नाही. खंडात एकदा जरी वर्तन घडले तरी नोंद करावयाची, या अंशतः खंड-नोंदणीने उत्तर १०० टक्के येते. संपूर्ण खंडभर घडले तरच नोंद करावयाची, या पूर्ण खंड-नोंदणीने ते शून्य येते. पहिली पद्धत वर्तन फुगवून दाखविते, दुसरी ते आटवून दाखविते.

दोन निरीक्षकांच्या एकवाक्यतेतही असाच सापळा आहे. एकाने १२ वेळा आणि दुसऱ्याने १५ वेळा वर्तन नोंदले, तर एकूण संख्येवरून एकवाक्यता ८० टक्के. पण दोघांनीही तीन-तीन वेळा नोंद केली आणि त्या नोंदी निरनिराळ्या क्षणांच्या असल्या, तर संख्येवरून एकवाक्यता १०० टक्के दिसते; प्रत्यक्षात दोघांनी एकच गोष्ट पाहिलेली नसते. दोन विद्यार्थ्यांनी एखादे निरुपद्रवी वर्तन, उदाहरणार्थ चर्चेत हात वर करणे, रोज दहा मिनिटे स्वतंत्रपणे नोंदून नंतर पडताळून पाहिल्यास या विभागाचा पुष्कळ अभ्यास आपोआप होतो.

वर्तनाचे कार्य

ज्या ठिकाणी विभेदनाची चूक सर्वांत महाग पडते, ते ठिकाण म्हणजे वर्तनाच्या कार्याचे मूल्यांकन. इवाटा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली दाखवून दिले की, स्वतःला इजा करण्याचे एकच वर्तन निरनिराळ्या मुलांत निरनिराळ्या कारणांनी टिकून असते. हेच शाळेतही दिसते. समजा, दोन मुले वर्गात पाटी आपटतात. पहिल्याला त्यामुळे गुरुजींचे लक्ष मिळते. दुसऱ्याची गणितातून सुटका होते. दोघांनाही वर्गाबाहेर काढले, तर पहिल्याचे पाटी आपटणे कदाचित कमी होईल, दुसऱ्याचे निश्चित वाढेल; कारण त्याला हवे होते तेच मिळाले. वर्तनाचे बाह्य रूप एकच, उपाय परस्परविरुद्ध. कागदावर ही चूक एका गुणाची असते. घरात किंवा शाळेत ती मुलाच्या कित्येक महिन्यांची असते.

अभ्यासाची रीत

तयारीच्या रीतीविषयीही या शास्त्राने सांगून ठेवले आहे. फ्रेड केलर यांनी १९६८ साली मांडलेल्या शिक्षणपद्धतीत विषयाचे लहान घटक पाडून, एका घटकावर प्रभुत्व आल्यावाचून पुढच्या घटकाकडे जावयाचे नसते. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहिला. त्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पुस्तक मिटून उत्तरे द्यावीत. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात कोणत्या दोन संकल्पनांची गल्लत झाली त्याची वही ठेवावी. आणि रोजच्या अचूक उत्तरांचा आलेख स्वतः काढावा. स्वतःच्या अभ्यासाचा आलेख वाचता न येणाऱ्याने दुसऱ्याच्या मुलाचा आलेख वाचू नये.

परीक्षा इंग्रजीतून द्यावयाची असल्यास पारिभाषिक संज्ञा इंग्रजीतून पाठ कराव्या लागतातच. परंतु प्रत्येक संज्ञेला आपल्या परिसरातील एक उदाहरण आणि उदाहरणासारखा दिसणारा एक अपवाद मराठीत लिहून काढावा. अपवाद सांगता आला, तरच संकल्पना कळली असे समजावे.

नीतीचा विभाग

नीतिविषयक विभागाला १३ टक्के भार आहे, आणि तो शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. या शास्त्राचा इतिहास पाहता हा मोह टाळावा. लोवास यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सखोल शिक्षण दिलेल्या १९ स्वमग्न मुलांपैकी नऊ मुले सामान्य शाळेत टिकल्याचे नमूद केले आणि या शाखेला मोठी कीर्ती मिळाली. पण त्याच संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात विजेच्या धक्क्यांचाही प्रयोग केला होता. प्रौढ झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी लहानपणी भोगलेल्या सक्तीबद्दल पुढे स्पष्ट शब्दांत आक्षेप घेतले. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अमेरिकन मंडळाच्या आचारसंहितेत पालकांच्या संमतीबरोबरच, जेथे लागू असेल तेथे, ज्याच्यावर उपाय करावयाचा त्याच्या स्वतःच्या होकारालाही स्थान आहे. बोलू न शकणारे मूल तोंड फिरविते, हात मागे घेते. तोही एक नकार आहे, आणि तो ओळखणे हेही विभेदनच होय.

प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे मिळेल आणि त्याला या देशात कोणते स्थान लाभेल, हे नियमांवर अवलंबून आहे व नियम बदलत असतात. प्रबलन आणि शिक्षा, मागणी आणि नामनिर्देशन, लक्ष वेधणे आणि सुटका करून घेणे यांतील भेद मात्र मुरगुडात आणि अमेरिकेत एकच आहेत. ते ज्याला निश्चित ओळखता येतात, त्याच्या हाती मूल सोपविता येते. आणि परीक्षा शोधीत असते ती अशाच माणसाला.